आयपीएल आणि बीसीसीआयची शिस्तभंगाची कारवाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लीगला खेळाडूला शिक्षा करण्याचा अधिकार मुळात येतो कुठून?

करारातून. आयपीएलमध्ये खेळायचे तर खेळाडूला संघमालकाबरोबरच बीसीसीआयचे नियमही मान्य करावे लागतात. आचारसंहिता, भ्रष्टाचारविरोधी संहिता, लिलावाचे नियम हे सगळे त्या एका सहीत येते. करारातले मानधन लिलावात वरखाली होते, एखाद्यासाठी 30 लाख, एखाद्यासाठी 27 कोटी. शिस्तीच्या कलमांवर मात्र कोणाशीच घासाघीस होत नाही. ती आधी छापून तयार असतात.

सही न करण्याचा पर्याय कागदावर आहे. पण भारतात व्यावसायिक क्रिकेट खेळायला बीसीसीआय आणि तिच्या संलग्न संघटना सोडून दुसरे दार नाही. बंदी आली की आयपीएलबरोबर रणजी, क्लब क्रिकेट, संघटनेचे मैदान, नेट्स असे सगळेच बंद होते. म्हणून इथे शिक्षा देणाऱ्याकडून न्यायाची अपेक्षा साध्या खासगी क्लबपेक्षा जास्त ठेवावी लागते, आणि न्यायालयांनीही ती तशीच ठेवली आहे.

मैदानावर गैरवर्तन झाले तर नेमके काय होते?

पंच आरोप ठेवतात. मैदानावरचे दोघे, तिसरा आणि चौथा पंच यांच्याकडून अहवाल सामनाधिकाऱ्याकडे, म्हणजे मॅच रेफरीकडे जातो. गुन्ह्याच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीत नाराजी दाखवणे, शिवीगाळ, बॅट किंवा स्टंपवर राग काढणे, बाद झालेल्या फलंदाजाला डिवचणे असे प्रकार येतात. चौथ्या पातळीत हाणामारी आणि पंचांना धमकावणे.

सामनाधिकारी शिक्षा सुचवतो. खेळाडूने आरोप आणि शिक्षा दोन्ही मान्य केली की प्रकरण तिथेच संपते, औपचारिक सुनावणी होत नाही. बहुसंख्य प्रकरणे अशीच मिटतात. दुसऱ्या दिवशी येणारे पत्रक चार ओळींचे असते: अमुक खेळाडूने कलम 2.8 चा भंग केला, मॅच फीच्या 50 टक्के दंड, गुन्हा मान्य, शिक्षा मान्य. व्हिडिओत नेमके काय दिसले, 25 ऐवजी 50 टक्के का, हे त्यात नसते. कारणे न देणे ही या यंत्रणेची सर्वांत जुनी खोड आहे. गंमत म्हणजे ती सुधारायला एक पैसाही खर्च येत नाही.

पत्रकात "सामनाधिकाऱ्याचा निर्णय अंतिम व बंधनकारक" असे लिहिलेले असते. म्हणजे दादच मागता येत नाही?

पहिल्या पातळीसाठी नाही. वरच्या पातळ्यांसाठी आचारसंहितेच्या कलम 8 मध्ये अपिलाची वाट आहे.

ती वापरल्याचे सर्वांच्या लक्षात राहिलेले उदाहरण 2024 मधले. 7 मे रोजी दिल्लीत राजस्थान रॉयल्सविरुद्ध दिल्ली कॅपिटल्सची षटके पुन्हा संथ पडली, म्हणजे ठरल्या वेळेत पूर्ण झाली नाहीत. मोसमातली ती तिसरी चूक होती. कर्णधार ऋषभ पंतला 30 लाख दंड आणि एका सामन्याची बंदी झाली. संघाने अपील केले, ते बीसीसीआयच्या लोकपालांकडे गेले, ऑनलाइन सुनावणी झाली आणि निर्णय कायम राहिला. पंत 12 मे रोजी बंगळुरूविरुद्ध खेळला नाही. गुन्हा, अपील, सुनावणी आणि अंमल, सगळे पाच दिवसांत उरकले.

लीगसाठी हा वेग गरजेचा आहे, दोन महिन्यांच्या स्पर्धेत तारखा पडून चालत नाही. पण पहिल्या पातळीला अपील नाही याचे समर्थन "शिक्षा किरकोळ असते" असे केले जाते, आणि ते पूर्ण खरे नाही. हर्षित राणाला एप्रिल 2024 मध्ये पहिल्याच पातळीच्या गुन्ह्यासाठी मॅच फीच्या 100 टक्के दंड आणि एका सामन्याची बंदी मिळाली, कारण आधीच्या चुका खात्यावर जमा होत्या. कमाई बुडवणारी, मैदानाबाहेर बसवणारी शिक्षा किरकोळ कशी?

डिमेरिट गुणांचा हिशेब कसा चालतो?

डिमेरिट गुण म्हणजे चुकीबद्दल दंडाबरोबर खेळाडूच्या खात्यात जमा होणारे उणे गुण. दिग्वेश राठीचे 2025 चे खाते बघा, सगळे स्पष्ट होते. लखनौचा हा फिरकीपटू बळी मिळाल्यावर हातावर सही केल्यासारखा, 'वहीत नोंद' करण्याचा आविर्भाव करायचा.

पहिल्यांदा पंजाबविरुद्ध: 25 टक्के दंड, 1 गुण. दुसऱ्यांदा मुंबईविरुद्ध: 50 टक्के, 2 गुण. तिसऱ्यांदा 19 मे रोजी हैदराबादच्या अभिषेक शर्माशी बाचाबाची: 50 टक्के, 2 गुण. बेरीज 5. चारचा उंबरठा ओलांडला गेला आणि एका सामन्याची बंदी आली. अभिषेकलाही त्या प्रसंगात 25 टक्के दंड आणि 1 गुण मिळाला, पण त्याच्या खात्यात आधीचे काही साचले नसल्याने तो पुढचा सामना खेळला.

इथे खेळाडू हमखास चुकतात. पहिल्या गुणाच्या वेळी "एकच तर आहे" म्हणून सही करून मोकळे होतात. खरा निर्णय त्याच वेळी घ्यायचा असतो. तिसऱ्या वेळी वाद घालायचा म्हटले तर पहिल्या दोन कबुल्या खात्यात बसलेल्याच असतात, त्या उकरून काढता येत नाहीत.

दंड टक्केवारीत आहे, सगळ्यांना सारखाच. मग अन्याय कसला?

टक्के सारखे आहेत, पण ते कशाचे हे बघायला हवे. 2025 पासून प्रत्येक खेळाडूला एका सामन्याचे 7.5 लाख रुपये मिळतात, लिलावातली किंमत काहीही असो. 25 टक्के म्हणजे 1 लाख 87 हजार 500, आणि 50 टक्के म्हणजे 3 लाख 75 हजार.

राठीचा एकूण दंड झाला 9 लाख 37 हजार 500. त्याची लिलावातली किंमत होती 30 लाख, म्हणजे दंड तिच्या जवळपास 31 टक्के. शिवाय बंदीमुळे एका सामन्याचे 7.5 लाख हुकले ते वेगळे. त्याच संघाचा कर्णधार पंत 27 कोटींचा. षटकांच्या संथ गतीसाठीचा कर्णधाराचा सर्वांत मोठा 30 लाखांचा दंड त्याच्या किमतीच्या सव्वा टक्काही भरत नाही. मोसमभराची मॅच फी दोघांनाही मिळते, त्यामुळे राठी कंगाल झाला असे कोणी म्हणणार नाही. तरीही एकाच चुकीचा चटका एकाला बसतो आणि दुसऱ्याला जाणवतही नाही, हे उघड आहे.

उपाय अवघड नाही. दंड सामन्याच्या एकूण मोबदल्यावर काढायचा, म्हणजे मॅच फी अधिक करारातल्या रकमेचा त्या सामन्यापुरता वाटा. मग टक्केवारी कमी ठेवली तरी चालेल.

षटके कर्णधाराने संथ टाकून घेतली, मग सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाला दंड का?

सुक्याबरोबर ओलेही जळते, तसे आहे हे. तक्ता असा: पहिल्या चुकीला कर्णधाराला 12 लाख. दुसरीला कर्णधाराला 24 लाख, बाकीच्यांना 6 लाख किंवा मॅच फीच्या 25 टक्के, यांतले जे कमी असेल ते. तिसरीला कर्णधाराला 30 लाख, बाकीच्यांना 12 लाख किंवा 50 टक्के, जे कमी ते. इम्पॅक्ट प्लेयर, म्हणजे सामन्यात मध्येच उतरणारा बदली खेळाडू, हाही यातून सुटत नाही.

मॅच फी 7.5 लाख झाल्यापासून 6 आणि 12 लाख हे आकडे नुसते शोभेचे उरले आहेत. टक्केवारीचा आकडा नेहमी कमीच येतो.

सामूहिक दंडामागचा विचार असा की क्षेत्ररक्षकही जागा बदलताना रमतगमत चालतात, यष्टिरक्षक ग्लोव्ह्ज बदलतो, गोलंदाज रनअपला परत जाताना वेळ काढतो. त्यात तथ्य आहे. पण वेळ वाया जाण्याची शिक्षा सामन्यातच मिळालेली असते: 90 मिनिटांचे गणित चुकले की उरलेल्या षटकांत तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर पाचऐवजी चारच क्षेत्ररक्षक ठेवता येतात. ही शिक्षा संघाला, तिथल्या तिथे आणि सगळ्यांना दिसेल अशी असते. त्यानंतर पुन्हा अकरा जणांच्या खिशात हात घालण्याची गरज आमच्या मते नाही.

हार्दिक पंड्याने रद्द झालेल्या नियमाची शिक्षा भोगली, हे खरे का?

हो. मुंबई इंडियन्सची तिसरी चूक 2024 च्या त्यांच्या अखेरच्या सामन्यात, 17 मे रोजी लखनौविरुद्ध झाली. बंदी भोगायला त्या मोसमात सामनाच उरला नव्हता, म्हणून ती पुढे ढकलली गेली. मार्च 2025 मध्ये मोसम सुरू होण्याच्या तोंडावर कर्णधारांच्या बैठकीत सांगण्यात आले की संथ षटकांसाठी आता थेट बंदी नाही, डिमेरिट गुण दिले जातील. तरीही 23 मार्चला चेपॉकवर हार्दिक बाहेर बसला आणि सूर्यकुमार यादवने संघ सांभाळला.

त्याच मोसमात 27 मे रोजी पंतच्या लखनौ संघाची तिसरी चूक झाली. दंड 30 लाख, बंदी नाही. वर्षभरापूर्वी त्याच पंतला त्याच चुकीसाठी बाहेर बसवले होते.

कायद्याच्या काटेकोर भाषेत यात चूक दाखवणे कठीण आहे. गुन्हा घडला तेव्हाचा नियम लावला, एवढेच. पण शिक्षा अंमलात येण्याआधीच तो नियम जाचक ठरवून काढून टाकला असेल, तर जुनी शिक्षाही सौम्य करायची, ही न्यायाची ओळखीची रीत आहे. नियम बदलताना "प्रलंबित शिक्षांचे काय?" हे एक वाक्य जोडले असते तरी भागले असते.

मोठ्या खेळाडूंना वेगळा न्याय असतो का?

संशय घ्यायला जागा आहे, सिद्ध करायला पुरावा तोकडा आहे.

2019 मध्ये जयपूरला महेंद्रसिंग धोनी बाद होऊन डगआउटमध्ये गेल्यावर नो-बॉलच्या वादात थेट मैदानात उतरला आणि पंचांशी वाद घातला. गुन्हा दुसऱ्या पातळीचा, शिक्षा 50 टक्के दंड, बंदी नाही. 2023 मध्ये लखनौला विराट कोहली आणि गौतम गंभीर भिडले. दुसरी पातळी, दोघांना 100 टक्के दंड, बंदी नाही. उलट हर्षित राणाला फलंदाजाला निरोप देण्याच्या हावभावासाठी बाहेर बसावे लागले. नुसती ही तीन नावे शेजारी ठेवली तर निष्कर्ष तयारच दिसतो. पण राणाची ती पुनरावृत्ती होती: मार्चमध्ये त्याला दोन चुकांसाठी मिळून 60 टक्के दंड झालेला होता. तुलना करताना हे वगळू नये.

पंचांना जाब विचारायला बाहेरचा माणूस मैदानात येणे हा प्रकार मात्र आमच्या दृष्टीने फलंदाजाला निरोप देण्याच्या हावभावापेक्षा गंभीर आहे, आणि आचारसंहितेची पातळीही तेच सांगते. शिक्षा मग उलटी कशी झाली, हे कारणांसहित आदेश छापले असते तर समजले असते.

2008 च्या थप्पड प्रकरणात शिक्षा कशी ठरली होती?

25 एप्रिल 2008, मोहाली. मुंबईच्या हरभजनसिंगने सामना संपल्यावर श्रीशांतला मारले. सामनाधिकारी फारूख इंजिनिअर यांनी त्याला मोसमातल्या उरलेल्या 11 सामन्यांसाठी बाहेर केले. पुढे बीसीसीआयने पाच एकदिवसीय सामन्यांची बंदी वेगळी घातली. एका कृत्याला लीगची एक आणि मंडळाची दुसरी, अशा दोन शिक्षा. हा मार्ग आजही बंद झालेला नाही.

आयपीएलमधून ऐनवेळी माघार घेतली तर दोन वर्षांची बंदी, हे जास्त नाही का?

2025 च्या मोठ्या लिलावापासूनचा हा नियम आहे: नाव नोंदवले, संघाने घेतले आणि मोसमाआधी माघार घेतली तर दोन मोसम लिलाव आणि स्पर्धा दोन्ही बंद. अपवाद एकच, दुखापत किंवा आजार, आणि तोही खेळाडूच्या मंडळाने दुजोरा दिला तर. हॅरी ब्रूकला दिल्लीने 6.25 कोटींना घेतले होते. मार्च 2025 मध्ये तो हटला आणि नियम त्याला लागला.

संघाची अडचण खरी आहे. लिलावात त्या जागेसाठी पैसे आणि परदेशी कोटा अडकवलेला असतो, ऐनवेळी तसा बदली खेळाडू मिळत नाही. नियम आधी जाहीर होता, हेही त्याच्या बाजूने. खटकते ते एवढेच की घरातला मृत्यू, बाळंतपण, मानसिक थकवा यांना तपासून बघणारा कोणी नाही. कमाल दोन मोसम आणि कारण ऐकून कमी करण्याची मुभा, असे लिहिले असते तर हाच नियम बरा झाला असता.

फौजदारी न्यायालयाने सोडून दिले तरी बीसीसीआयची बंदी कशी टिकते?

कारण दोन्हीकडची मोजपट्टी वेगळी असते. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो. क्रीडा शिस्तीत त्यापेक्षा कमी, पण "जास्त शक्यता" यापेक्षा थोडा अधिक पुरावा पुरतो. चौकशी समितीला साक्षीपुराव्याचा कायदा जसाच्या तसा लागू होत नाही.

श्रीशांत, अंकित चव्हाण आणि अजित चंडिला या राजस्थान रॉयल्सच्या तिघांना मे 2013 मध्ये दिल्ली पोलिसांनी स्पॉट-फिक्सिंगच्या, म्हणजे पैसे घेऊन षटकात आधी ठरल्याप्रमाणे धावा देण्याच्या आरोपावरून पकडले. 13 सप्टेंबर 2013 रोजी शिस्तपालन समितीने श्रीशांत आणि चव्हाण यांना आजीवन बंदी घातली. जुलै 2015 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने आरोपींना दोषमुक्त केले. खटल्यात मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा आपला महाराष्ट्राचाच कायदा, दिल्लीत लागू असल्याने लावला होता. फिक्सिंगसाठी नेमका कायदा नसताना टोळीयुद्धाचा कायदा वापरला, तो टिकला नाही. यावरून खेळाडू निर्दोष ठरले असे अनेकांना वाटले. बंदीपुरता तो निष्कर्ष चुकीचा होता.

मग सर्वोच्च न्यायालयाने श्रीशांतला दिलासा कशाच्या आधारे दिला?

शिक्षेच्या मापावर. केरळ उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ऑगस्ट 2017 मध्ये बंदी उठवली, ऑक्टोबरमध्ये खंडपीठाने ती परत आणली. 15 मार्च 2019 रोजी न्या. अशोक भूषण आणि न्या. के. एम. जोसेफ यांनी सांगितले की दोषी ठरवणे योग्य आहे, पण आजीवन बंदी देताना समितीने संहितेतले गुन्ह्याची तीव्रता वाढवणारे आणि कमी करणारे मुद्दे तपासलेच नाहीत. संहितेत या गुन्ह्याला किमान पाच वर्षे ते कमाल आजीवन अशी शिक्षा होती. कमाल टोक गाठायचे तर का, ते लिहायला हवे.

शिक्षेचा फेरविचार अखेर लोकपाल, निवृत्त न्या. डी. के. जैन यांच्याकडे गेला आणि ऑगस्ट 2019 मध्ये बंदी सात वर्षांवर आली. मोजणी 13 सप्टेंबर 2013 पासून.

मूळ समितीत कोण होते, हेही बघण्यासारखे आहे: बीसीसीआयचे तेव्हाचे अध्यक्ष एन. श्रीनिवासन, अरुण जेटली आणि निरंजन शाह. त्याच घोटाळ्याच्या चौकशीत श्रीनिवासन यांचे जावई गुरुनाथ मय्यप्पन यांचे नाव होते, आणि चेन्नईचा संघ श्रीनिवासन यांच्या कंपनीचा. दुसऱ्या संघाच्या खेळाडूंवर निवाडा करायला ते बसले. हितसंबंधांचा यापेक्षा उघड गुंता शोधून सापडणार नाही. जानेवारी 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदाधिकाऱ्यांना संघमालकीची मुभा देणारी दुरुस्ती रद्द केली, ती याच वादातून.

अंकित चव्हाणचे पुढे काय झाले?

मुंबईच्या या डावखुऱ्या फिरकीपटूला बंदी लागली तेव्हा तो 27 वर्षांचा होता. ज्या षटकावरून आरोप झाला ते 15 मे 2013 चे, वानखेडेवरचे. त्याचीही बंदी 2021 मध्ये सात वर्षांवर आणली गेली. म्हणजे ती सप्टेंबर 2020 मध्येच संपलेली असायला हवी होती. प्रत्यक्ष खेळायची परवानगी मिळाली जून 2021 मध्ये. एकाच प्रकरणात, एकाच दिवशी, एकसारखी शिक्षा झालेल्या दोघांपैकी एकाची बंदी 2019 मध्ये कमी झाली, दुसऱ्याची आपोआप झाली नाही. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. सहआरोपींच्या शिक्षेचा फेरविचार एकत्र व्हावा, असा नियम आजही केला तर बरे.

फिक्सिंग केले नाही, फक्त कोणी विचारणा केली ती कळवली नाही. तरी शिक्षा?

होते. सिद्धार्थ त्रिवेदीला 2013 मध्ये एक वर्षाची बंदी याच कारणाने. उलट मुंबईच्या प्रवीण तांबेने विचारणा झाल्याचे कळवले, तो खेळत राहिला, आणि विचारणा करणारा मुंबईचाच हिकेन शाह पाच वर्षांसाठी बाहेर गेला. फोन, मेसेज, भेटवस्तू, हॉटेलात ओळख काढणारा माणूस, काहीही असो, त्याच दिवशी संघासोबतच्या भ्रष्टाचारविरोधी अधिकाऱ्याला कळवा आणि कळवल्याची लेखी नोंद ठेवा. मित्राला वाचवायला गप्प बसणे ही इथली सर्वांत महागडी चूक.

पृथ्वी शॉची बंदी मागच्या तारखेपासून कशी?

फेब्रुवारी 2019 मध्ये इंदूरला मुश्ताक अली स्पर्धेत उत्तेजक चाचणीसाठी त्याचा नमुना घेतला. खोकल्याच्या औषधांत असणारे टर्ब्युटलीन सापडले. आठ महिन्यांची बंदी जाहीर झाली 30 जुलैला, पण मोजली 16 मार्चपासून. मधल्या काळात तो पूर्ण आयपीएल खेळला. म्हणजे ज्या काळात तो खेळत होता, तोच काळ बंदीत धरला गेला.

त्या वेळी चाचणी करवून घेणारी, निवाडा देणारी आणि तारखा ठरवणारी संस्था एकच होती: बीसीसीआय. त्यानंतर दहा दिवसांनी, ऑगस्ट 2019 मध्ये, मंडळाने राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था नाडाचे अधिकारक्षेत्र मान्य केले. आता उत्तेजकांची प्रकरणे मंडळाच्या हाताबाहेर आहेत. हे खेळाडूच्या हिताचेच, कारण मंडळाची मर्जी कधी लाभते तशी कधी उलटतेही.

टीव्हीवर काही बोललो तर तीही शिस्तभंग?

हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांचे जानेवारी 2019 चे प्रकरण हेच होते. मुलाखतीतल्या स्त्रियांबद्दलच्या शेरेबाजीवरून चौकशीआधीच निलंबन करून ऑस्ट्रेलियातून परत बोलावले. निलंबन उठले, मग एप्रिलमध्ये लोकपालांनी प्रत्येकी 20 लाख दंड केला: दहा शहीद जवानांच्या कुटुंबांना प्रत्येकी एक लाख आणि दहा लाख अंध क्रिकेटसाठी. शेरेबाजी वाईट होती यावर वाद नाही. शिक्षा आधी आणि चौकशी नंतर, हा क्रम मात्र सदोष होता. चौकशीपूर्व निलंबनाला दिवसांची मर्यादा हवी आणि ते दिवस अंतिम शिक्षेतून वजा व्हायला हवेत.

मालकांनी केले, खेळाडूंनी भोगले, असे झाले आहे का?

जुलै 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. लोढा समितीने 2013 च्या त्याच घोटाळ्यावरून चेन्नई आणि राजस्थान संघांना दोन वर्षे निलंबित केले. खेळाडू वाऱ्यावर पडू नयेत म्हणून दोन तात्पुरते संघ आले. पुण्याकडे धोनी, रहाणे, अश्विन गेले, राजकोटकडे रैना, जाडेजा. पुणेकरांना दोन मोसम आयपीएल मिळाले ते असे. नावाजलेल्यांची सोय झाली. राखीव बाकावरच्यांना मात्र पुन्हा लिलावाच्या रांगेत उभे राहावे लागले.

इतर देशांत लीगचा अधिकार कमी असतो का?

नाही. उलट अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएलमध्ये कित्येक वर्षे आयुक्तच, म्हणजे लीगचा प्रमुखच, शिक्षा देणार आणि अपीलही तोच ऐकणार, अशी तरतूद होती. 2015 मध्ये तिथला खेळाडू टॉम ब्रॅडीला चेंडूंमधली हवा कमी केल्याच्या प्रकरणात चार सामन्यांची बंदी झाली. खालच्या न्यायालयाने ती उडवली, वरच्याने एप्रिल 2016 मध्ये 2 विरुद्ध 1 मतांनी परत लावली. कारण एकच: खेळाडूंच्या संघटनेने सामूहिक करारात हा अधिकार स्वतः दिला आहे, आता तक्रार कशी?

कायद्याने खेळाडू हरले, पण पुढच्या कराराच्या वेळी संघटनेने तोच मुद्दा टेबलावर ठेवला. 2020 च्या करारात वैयक्तिक वर्तनाच्या प्रकरणांत पहिला निवाडा दोन्ही बाजूंनी मिळून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे गेला. अपील अजून आयुक्ताकडेच आहे. तरी आधीपेक्षा बरे.

भारतात खेळाडूंची अशी संघटना आहे?

निवृत्त खेळाडूंची आहे, 2019 पासून. मैदानावर खेळणाऱ्यांची नाही. या पानावरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे. एनएफएलचा नियम वाईट असला तरी तो दोघांनी मिळून केलेला असतो, पुढच्या वेळी बदलता येतो. आपल्याकडे दंडाचा तक्ता, गुणांचा उंबरठा, माघारीची बंदी हे सगळे एकतर्फी ठरते आणि कर्णधारांच्या बैठकीत सांगितले जाते. कर्णधार संघात सर्वांत सुरक्षित माणूस असतो. 30 लाखांवाल्याची बाजू मांडायला त्याला कोणी पाठवलेले नसते.

राज्य संघटनेच्या किंवा स्थानिक टी-20 लीगच्या खेळाडूला नोटीस आली तर काय करावे?

आधी कलम बघा. कोणत्या नियमाचा, कोणत्या पातळीचा भंग, हे नोटिशीत नसेल तर उत्तराआधी लेखी मागा. पंचांचा अहवाल आणि व्हिडिओ मागा. मिळाला नाही तर मागितल्याची ईमेल पुढे कामाला येते.

ड्रेसिंग रूममध्ये, घामाने भिजलेल्या अवस्थेत कबुलीच्या फॉर्मवर सही करू नका. व्यवस्थापक "कर रे, सुटशील" म्हणतो, त्याला बसने निघायची घाई असते. गुणांची सध्याची बेरीज विचारा, या कबुलीने उंबरठा ओलांडला जातो का ते बघा, मग ठरवा. चूक उघड असेल तर मात्र कबूल करणेच शहाणपणाचे, सुनावणीत हरल्यास शिक्षा वाढण्याचा धोका असतो.

खुलासा एका पानाचा पुरे. घटनाक्रम, तुमची कृती, त्याआधी समोरून काय झाले, पूर्वीचे निष्कलंक रेकॉर्ड, लगेच मागितलेली माफी. "माझ्याविरुद्ध कट आहे" हे वाक्य पुराव्याशिवाय लिहू नका. भाषा अडत असेल तर मराठीत लिहा आणि सुनावणीत दुभाषा मागा. निकालाआधी इन्स्टाग्रामवर काही टाकू नका. मंडळावर जाहीर टीका हा बहुतेक संहितांत स्वतंत्र गुन्हा असतो, आणि मूळ प्रकरणातून सुटलेले खेळाडू त्यात अडकतात.

आदेश कारणांसहित लेखी मागा. अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून धावू लागते, वकील शोधण्यात ती संपवू नका.

उच्च न्यायालयात जाता येते?

येते. बीसीसीआय घटनेच्या कलम 12 खाली 'राज्य' नाही, हे 2005 मध्ये ठरले. पण ती सार्वजनिक स्वरूपाचे काम करते म्हणून कलम 226 खाली रिट, म्हणजे थेट उच्च न्यायालयातली याचिका, चालते, हे 2015 च्या निकालाने पक्के केले. न्यायालय झेल जमिनीला टेकला होता का हे बघत नाही. बाजू ऐकली का, निवाडा करणारा निःपक्ष होता का, नियमात नसलेली शिक्षा दिली का, शिक्षा प्रमाणाबाहेर आहे का, एवढेच बघते. एका सामन्याच्या बंदीसाठी जाऊ नका, सुनावणीची तारीख लागेपर्यंत सामना होऊन गेलेला असतो. वर्षाच्या आणि वरच्या बंदीसाठी जा, आणि लगेच जा.

2025 च्या क्रीडा प्रशासन कायद्याने काही बदलेल?

त्यात राष्ट्रीय क्रीडा लवादाची तरतूद आहे. त्याच्या निर्णयावर अपील थेट सर्वोच्च न्यायालयात, दिवाणी न्यायालयांना मज्जाव. बंदी लागल्यापासून श्रीशांतचा एक न्यायमूर्ती, खंडपीठ आणि सर्वोच्च न्यायालय असा प्रवास संपेपर्यंत साडेपाच वर्षे गेली. तो 30 वर्षांचा असताना बंदी लागली आणि संपली तेव्हा 37 चा होता, वेगवान गोलंदाजाचे वय उलटून गेले होते. ती साखळी एका टप्प्याने जरी तुटली तरी फरक पडेल. सामनाधिकाऱ्याच्या "अंतिम व बंधनकारक" निर्णयाला मात्र हा लवाद हात लावेल अशी अपेक्षा ठेवू नका. तो बदल आचारसंहितेतच करावा लागेल.